धातूत दिसलेली दिशा

ड्रेस्डेन, जर्मनी
१२ जानेवारी २०२५

ती. अण्णांना प्रियदर्शनीचा दंडवत. वि. वि.

फोनवरचं माझं बोलणं तुम्हाला आता ऐकू येत नाही आणि मोबाइलचं बारीक अक्षर वाचवत नाही, असं रामप्रसाददादानं सांगितलं. म्हणून कागदावर लिहिते. मायच्या वर्षश्राद्धाला मला येता येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, धीर झाला नाही.

धातू थंड करायच्या यंत्रावर माझी पाळी नेमकी फेब्रुवारीत आली आहे. मी इथं करते तरी काय, असं तुम्ही विचारलं होतं. कोंबड्या झाकायचं डालगं आठवा: त्रिकोणाला त्रिकोण, मध्ये सहा बाजूंचं भोक. माझ्या धातूत अणूंचे थर तसेच विणलेले असतात. जपानी लोक त्या विणीला कागोमे म्हणतात. तो धातू उणे एकशे ऐंशी अंशांखाली थंड केला की आतले इलेक्ट्रॉन सारखे पसरून राहत नाहीत. ठरावीक अंतरानं कुठं दाट, कुठं विरळ होतात, जशी लाट जागीच थांबावी. त्या वेळी वीज एकाच दिशेनं जास्त सहज वाहते, असं मला दिसलं. वीण तिन्ही बाजूंनी सारखी असताना असं व्हावं, ही मोठी गोष्ट आहे. सरांनी आमचा शोधनिबंध छापायला पाठवलासुद्धा.

इथं बर्फ आहे. शनिवार-रविवार मराठी तर सोडाच, कुणाशीच बोलणं होत नाही. तुमच्याजवळ घर भरलेलं आहे, एवढंच बरं. संध्यावहिनीला नमस्कार, प्रांजलीला पापा.

रागावला असाल तरी माया कमी करू नका.

तुमची,
प्रियदर्शनी


केदारखेडा, ता. भोकरदन
२० फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस अण्णांचे पोटभर आशीर्वाद.

पत्र भेटलं. बिलकुल रागावलो न्हाई. तुझ्या मायचं वर्षश्राद्ध बराबर पार पडलं. रामप्रसाद, सूनबाई, प्रांजली सगळे हाताशी होते. घरात इतका गलका, की कान गेले तेच बरं झालं म्हणतो. भाकरी आता मलाही जमून राह्यली, फकस्त काठ फाटतात.

तुझं वाचून परसातलं डालगं काढलं आन् भोकं मोजत बसलो. सहा बाजू बराबर निघाल्या. आपल्या बुरडाच्या हाताला तुमच्या धातूची वीण आधीपासून ठावी होती म्हणायची.

जेवण जल्दी करत जा. पत्र लांब लिहीत जा, कागदाची कंजुषी करू नको.

तुझा,
अण्णा


ड्रेस्डेन
१६ मार्च २०२५

ती. अण्णांना दंडवत.

हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बाजरीच्या दाण्याएवढा धातूचा कण यंत्रात एका पट्टीवर डिंकानं चिकटवतात. थंडीत पट्टी, डिंक आणि धातू वेगवेगळे आकसतात, आणि कण एका बाजूला ताणला जातो. मला शंका आली, म्हणून एक कण न चिकटवता नुसता बारीक तारांवर टांगून मोजला. लाट होती तशीच होती, पण दिशा गेली. वीज तिन्हीकडं सारखी. असे सहा कण मोजले. सहाही तसेच.

म्हणजे दोन वर्षं मी डिंकाचा ताण मोजत होते. इकडं निबंध स्वीकारला गेला आहे. सर मागच्या आठवड्यात परिषदेत माझं नाव घेऊन हेच सांगून आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसले तर वर्षभर तरी कुणाला कळणार नाही. नऊ दिवस झाले, गप्पच आहे. कुणी काही विचारू नये म्हणून डबासुद्धा जिन्यात बसून खाते. मायच्या श्राद्धाला आले नाही ते याच मोजणीपायी, हे मनातून जात नाही.

तुमच्या दोन ओळींची वाट बघते.

प्रियदर्शनी


केदारखेडा
८ एप्रिल २०२५

चि. प्रियदर्शनीस आशीर्वाद.

सांगून टाक. नाव गेलं तर जाऊ दे. रोज लपवत जगणं लई जड.

एवढं लिहिलं आन् चार दिवस पाकीट बंद करवलं न्हाई. कारण मीच तुला खोटं लिहून राह्यलो. रामप्रसाद आन् सूनबाई दिवाळीपासून जालन्याला राहतात, प्रांजलीच्या शाळेपायी. मला चला म्हणत होते, मीच गेलो न्हाई. आन् तुला कळवू नको म्हणून त्याला शपथ घातली. श्राद्धाला सकाळी आल्ते, दुपारच्या गाडीनं गेले.

परवा शेजारची चांगुणाबाई आल्ती. हातवारे करून भागंना, मंग नातीकडून कागदावर लिहून घेतलं. मी घरात एकटाच मोठमोठ्यानं बोलतो, गल्लीभर ऐकू जातं, असं त्यात होतं. मला वाटायचं, तुझ्या मायशी मी मनातल्या मनात बोलतो.

ये, असं मी तुला कधी लिहिलं न्हाई. आता लिहितो. ये.

अण्णा


ड्रेस्डेन
४ मे २०२५

ती. अण्णांना दंडवत.

सांगितलं. सर म्हणाले, माझ्यासमोर पुन्हा मोज. दोन दिवस आम्ही दोघं मोजत बसलो. दिशा आली नाही. त्यांनी स्वतःच्या सहीनं निबंध मागं घेतला. माझ्यावर ओरडले नाहीत. पण पूर्वी रोज चहाला हाक मारायचे, ती आता मारत नाहीत. नवा निबंध अगदी छोटा होईल: लाट खरी आहे, दिशा डिंकाची होती. तो मी एकटीच लिहिते आहे.

तुमचं पत्र प्रयोगशाळेतच उघडलं, आणि यंत्राच्या पंपाच्या आवाजात रडून घेतलं. सात जूनला केदारखेड्याला पोहोचते. पाच आठवडे राहीन. दादावर रागावले होते, आता नाही.

शेवटची ओळ लिहिताना लक्षात आलं, काळजी करू नका असं लिहायचं राहूनच गेलं. राहू द्या. करा काळजी. मीही करते आहे.

तुमचीच,
प्रियदर्शनी