बाबा बर्गनला, मी रेडमंडला

१९ मे

वकीलबाईंशी बोलले. नाही म्हणजे नाही. व्हिसाचं एक्स्टेन्शन लटकलेलं असताना अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं तर परत यायला वकिलातीत जाऊन व्हिसाचं स्टॅम्पिंग लागणार, आणि त्याच्या तारखा कधी मिळतील ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. "मी तुमच्या जागी असते तर गेले नसते." इतक्या गोड आवाजात, की फोनमधून हात घालून...

असो. बर्गन कॅन्सल.

चार वर्षांनी आईबाबा भेटणार होते. त्यांना इथला व्हिसा मिळेना, मला डोंबिवलीला जाण्याइतकी रजा मिळेना, म्हणून मधलं गाव शोधलं होतं. नॉर्वे! ते मुंबईच्या टूरबरोबर येणार, इकडून मी एकटी. किती हुशार समजत होते स्वतःला.

आईला खरं सांगणार नाही. बाबा घरभर येरझाऱ्या घालत बसतील. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे म्हणून सांगायचं.

२० मे

सांगितलं. आई म्हणाली, "असू दे गं, काम महत्त्वाचं." रडली असती तर बरं वाटलं असतं.

बाबा अख्खा कॉलभर टीव्हीकडे तोंड करून. हल्ली हे नेहमीचंच. म्हटलं, "बाबा, मी इकडे आहे." तर म्हणे, "बघतोय की." आणि पुन्हा नजर तिकडेच. चार वर्षं लेक समोर नाही आणि यांना बातम्या हव्यात! रागच आला.

मी म्हटलं, टूर रद्द करा, पुढच्या वर्षी तिघं मिळून जाऊ. तर बाबा एकदम ठाम. "नाही. याच वर्षी." ज्या माणसाने जन्मात कधी "मला हे हवं" म्हटलं नाही, त्याचा हा हट्ट. 

२ जून

पाऊस. बस चुकली. दिवसभर मीटिंग, डोकं उठलं.

बाबांचा हट्ट कळतो मला. गोदीत ड्राफ्ट्समन होते. जन्मभर जहाजांची ड्रॉइंग काढली, स्वतः भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसले तेवढाच समुद्रप्रवास. लहानपणी रविवारी मला धक्क्यावर न्यायचे. मी भेळ मागायचे, ते जहाजं दाखवायचे. बर्गनमध्ये जहाजांचं म्युझियम आहे म्हणूनच ते गाव निवडलं होतं.

प्लॅन ठरला. आई फोन धरणार, मी इथून बघणार आणि गाइडचं इंग्लिश मराठीत करून बाबांच्या कानात सोडणार. बाजूच्या अपार्टमेंटमधली प्राजक्ता (नागपूर) हसून हसून पडली. "यार, तू काय रिमोट कंट्रोल गाइड होणार का?" हो, होणार.

९ जून, सकाळ

पहाटे अलार्म. चहा घेऊन टेबलाशी. तिथे दुपार, आणि तिथेही पाऊसच.

गाइड तरतरीत पोरगी आहे, इंगा नावाची. हातात पिवळी छत्री, की सगळ्यांनी तिच्या मागे यायचं. धक्क्यावरची जुनी लाकडी घरं दाखवली, लाल, पिवळी, एकमेकांच्या खांद्याला टेकून उभी. कितीदा जळली, कितीदा परत बांधली. मी सगळं मराठीत सांगतेय. वाळवलेल्या माशांचा मोठा व्यापार चालायचा म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे सुके बोंबीलच की गं! एवढं लांब येऊन?" बाबा खो खो हसले. मला इतकं बरं वाटलं!

बाबांनी आईचा दंड घट्ट धरलेला. डोंबिवलीत कधी शेजारी चालले नाहीत, हे चार पावलं पुढे आणि आई मागे. म्हटलं, नॉर्वेत जाऊन रोमान्स सुचला वाटतं! आईने लगेच फोन घरांकडे वळवला. मला वाटलं लाजले.

मग म्युझियम. काचेच्या पेट्यांमध्ये जहाजांची मॉडेल्स. बाबा एका पेटीसमोर थांबले, हात मागे बांधून. "वा! काय काम केलंय बघ." मी बघितलं. पेटी रिकामी. आत नुसती एक चिठ्ठी, जहाज दुरुस्तीला नेलंय अशी. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. जरा वेळाने तेही हसले. आई घाईघाईने, "चला चला, पुढे चला."

त्यानंतरचं आत्ता नाही लिहिता येत.

९ जून, संध्याकाळ

लिहून टाकते, नाहीतर झोप येणार नाही.

आईला बाथरूमला जायचं होतं. बाबांना बाकावर बसवलं, फोन त्यांच्या हातात. "हलू नका हं." तेवढ्यात दुसरी टूर आली, त्यांची गाइडही छत्रीवालीच. निळी छत्री. बाबा उठले आणि चालायला लागले त्यांच्यामागे. मला फोनमधून कधी छत दिसतंय, कधी बूट. "बाबा, थांबा! तो आपला ग्रुप नाही!" ओरडतेय इथे स्वयंपाकघरात एकटी. ते थांबले तेव्हा बाहेर पाऊस, दगडी रस्ता, आणि तो ग्रुप पुढे गेलेला.

"बाबा, मागे वळा. दार दिसतंय?"

"नाही."

"अहो, समोर आहे! एवढं मोठं दार आहे!" चिडले मी. त्यांच्यावर चिडले.

मग एकदम हळू आवाजात: "नाही दिसत गं मला."

पावसाने काचा भिजल्या असतील असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, चष्मा पुसा. चष्मा पुसा म्हटलं मी त्यांना! ते म्हणाले, "चष्म्याचं नाही बाळा."

तिथेच उभे राहा म्हटलं. आईकडे दुसरा फोन नाही. टूर लीडरचा नंबर लागेना. नऊ तासांवरच्या रस्त्यावर माझा बाप पावसात भिजतोय आणि मी करू काय शकते, तर बोलत राहू शकते. बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही, बहुतेक भेळेबद्दल. ते नुसतं "हं, हं" करत होते. मग एकदम पिवळी छत्री दिसली. इंगा धावत आली, तिच्यामागे आई, रडतेय आणि बाबांना ओरडतेय, "एक मिनिट! एक मिनिट बसवत नाही तुम्हाला!"

फोन बंद केला आईने. मी टेबलाखाली बसून रडले. मग ऑफिसला गेले.

१० जून

आईने हॉटेलमधून फोन केला, बाबा झोपल्यावर. रेटिना. दोन्ही डोळे. मधली नजर जात चाललीये, कडेची आहे. दीड वर्ष झालं. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी टिकवायची, गेलेली येणार नाही.

दीड वर्ष! "मला सांगितलं का नाहीस?"

"तू काय करणार होतीस तिथून? उगाच जिवाला घोर."

 खरंच काय करणार होते?

"म्हणून याच वर्षी म्हणाले?"

"हो. जहाजं बघायची होती, आणि तुला. तुला नीट बघून घेतो म्हणाले, थोडं दिसतंय तोवर." मग म्हणाली, "तुझं ते रिलीज झालं का गं?"

सांगून टाकलं मीही. व्हिसा, वकीलबाई, सगळं. आई त्यावर, "आपण सगळीच शहाणी," म्हणाली.

१२ जून

वकीलबाईंना परत फोन. वडिलांचं कारण सांगितलं. सॉरी म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. पण नियम तोच. जाऊ शकता, परत कधी याल सांगू शकत नाही. नोकरी थांबेल का, तेही नाही.

मॅनेजरला विचारलं, तिथून काम करू का. बघतो म्हणाला. बघतो म्हणजे काय ते मला कळतं.

प्राजक्ता रात्री पिठलं घेऊन आली. "जा यार, गेलीस तर गेलीस." पाच मिनिटांनी स्वतःच, "पण परत नाही येता आलं तर?" ती स्वतःही तीन वर्षं गेलेली नाही. दोघी पिठलं खात बसलो.

१६ जून

आईबाबा डोंबिवलीला सुखरूप पोचले. आज कॉल. बाबांना म्हटलं, मी येते. इंडियाचं तिकीट बघतेय. (बघतेय खरी. एका टॅबमध्ये तिकीट, दुसऱ्यात वकीलबाईंची मेल. चार दिवस दोन्ही उघडे.)

"येऊ नकोस," म्हणाले. "अडकून पडशील. म्युझियम झकास होतं, तू छान सांगितलंस." रिकाम्या पेटीबद्दल कुणीच बोललं नाही.

मग त्यांनी मान वळवली, टीव्हीकडे. टीव्ही बंद होता. आज पहिल्यांदा लक्ष दिलं मी. काळा पडदा, आणि बाबा त्याच्याकडे तोंड करून, डोळ्याच्या कडेने फोनकडे... माझ्याकडे. रोज हेच करत असणार. आणि मी रोज चिडत होते.

"हलू नकोस जरा," म्हणाले. "हं. आता दिसतेस."

मी श्वाससुद्धा रोखून बसले.

"केस कापलेस होय गं? कधी?"

केस मी गेल्या दिवाळीत कापले.

"परवाच," म्हटलं.

"छान दिसतात," म्हणाले. आणि बघत राहिले.