हळदीचा हात

१२ मार्च २००६, वारूळवाडी
आज घाटघरहून आले. पुनमचंद शेठ नवं घर बांधतायत, तिथली राखण आणि गड्यांचा स्वयंपाक माझ्याकडं. लेक श्रेयानं वही दिली. म्हणाली, आई, चौथीपर्यंतचं शिकलेलं विसरशील, रोज चार ओळी लिही. लिहिते बाई. राहायला पत्र्याची खोली, दारात नळ, वर पंखा. झ्याक हाय सगळं. शेठचं एकच म्हणणं, साइटवर कांदा-लसूण नको. मी तोंडावर विचारलं, गडी काय गवत खाऊन भिंती चढवणार? हसले. म्हणाले, कुशाबाई, माझ्या नजरेआड काय ते शिजवा.

१५ मार्च
भिंती म्हणजे चेष्टाच. वीट न्हाई, दगड न्हाई. थर्मोकॉलचे पोकळ ठोकळे पोरांच्या खेळण्यासारखे एकावर एक बसवायचे, पोकळीत सळ्या, मग पंपानं काँक्रीट. थर्मोकॉल काढायचा न्हाई, दोन्ही अंगाला तसाच ठेवून वरून प्लास्टर. म्हणे घर उन्हाळ्यात गार राहतं. मी म्हणाले, टीव्हीच्या खोक्यातला कचरा हा, उंदीर खातील. गोरख मिस्त्री म्हणाला, खाऊ द्या मावशी, आत दात पडतील त्यांचे.

१९ मार्च
आज पहिली भिंत भरली. आपल्याकडं रीत हाय, घरच्या सवाष्णीनं आधी भिंतीला हळदीचा हात लावायचा. शेठीणबाई, रुक्मिणीबाई, ओतूरहून यायच्या व्हत्या, गाडी बंद पडली. पंपवाला बोंबलतोय, पंपातला माल घट्ट होतोय. किती वाट बघायची? मी म्हणाले, सवाष्ण ती सवाष्ण, माझा नवरा चांगदेव धडधाकट हाय. हळदीत हात बुडवला. बाहेरून लावला तर प्लास्टरखाली जाणार, म्हणून ठोकळ्याच्या आत हात घालून दाबला. थर्मोकॉलात पंजा खोल उमटला. गोरख चिडला. म्हणाला, मावशी, हात बाहेरून लावत्यात, आतला हात भिंतीचा होतो. मी म्हणाले, होऊ दे, मला दोन हायेत. वरून माल पडला.

२३ मार्च
भाकरी थापता येईना. उजव्या हाताची बोटं आखडली. चुलीपाशी धरला तरी गार.

२८ मार्च
नारायणगावच्या डॉक्टरनं वात म्हणून मलम दिलं. मलम जिरत न्हाई, वरच राहतं. कातडी राखेच्या रंगाची, खरखरीत. परातीला हात लागला तर दगड आपटल्यागत वाजलं. गोरखला विचारलं, भिंत कधी सुकते. म्हणाला, थर्मोकॉल ओल धरून ठेवतो, काँक्रीट आतल्या आत महिनाभर कडक होत राहतं. बोलता बोलता माझा हात दिसला, तसा उठून त्या भिंतीकडं गेला.

२ एप्रिल
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाकडं.
गोरखनं भिंतीचा तेवढाच थर्मोकॉल कापला, माझा हात व्हता तिथला. आतल्या काँक्रीटवर माझा हात वर आलेला. तळव्याच्या रेघा. करंगळीवरचा विळ्याचा वार. गोरखनं छिन्नी लावून त्या करंगळीला हलकेच ठोकलं. मी चार हात लांब उभी. माझी करंगळी मोडली. कट्कन.
गोरख हातोडा टाकून गेला. पाट्या वाहणारी साळुबाई म्हणते, बिऱ्हाड घेऊन गावाला गेला.

५ एप्रिल
कोपरापर्यंत आलं.
शेठला सांगितलं. म्हणाले, दारात बोट सापडलं असंल, औषधपाणी मी बघतो. मी भिंत फोडा म्हणणार व्हते. कशी म्हणू? फोडली तर मी फुटते. ठेवली तर—
घाटघरला जायला एसटीत बसले. जुन्नरच्या अलीकडंच खांदा उपटायला लागला, जसं कुणी मागून दावं ओढतंय. उतरले. इकडं वळले तसं ओढणं थांबलं.

९ एप्रिल
खांदा गेला.
परवा वरचा स्लॅब. नवा मिस्त्री म्हणाला, सगळा भार ह्याच भिंतीवर. मी म्हणाले, नको घालू, पाया पडते. तो दुसऱ्या गड्याला म्हणाला, बाईला ऊन लागलंय.
बूथवरून श्रेयाला फोन. परवा पहिल्या गाडीनं येते म्हणाली.

११ एप्रिल
मिक्सर फिरतोय. शेठपुढं रडले. मी. कधी कुणापुढं न्हाई रडले. शेठ म्हणाले, आता माल थांबवता येत न्हाई, सावलीत बसा.
रुक्मिणीबाई आल्यात. चांगली बाई. सोन्यासारखा दिवस, रडू नका म्हणतात. चहा पुढं धरलाय.

पहिल्या पाट्या पडल्या. मानेवर—

अजून.

मान वळत न्हाई. बाई म्हणतात घाम आलाय, वारा घालू का. थांबवा म्हणायचंय. जीभ जड—

छातीवर आलं.

दारात श्रेया. बाईंनी वरच्या ठोकळ्यांसाठीचं हळदीचं ताट तिच्या हातात दिलं. म्हणतात, खाली आईचा हात लागला, वरही तिचाच हवा व्हता, पण तिला बरं न्हाई, लेकीनं लावला तरी चालतो. ती वर निघाली. पोरी, आत न्हाई, आत हात घालू न