शाळेच्या रिक्षातील पट्टे न काढण्याबाबत

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
जिल्हा कार्यालय.

विषय : रिक्षातील मुलांचे पट्टे काढण्याचा हुकूम अमान्य असल्याबाबत.
संदर्भ : रस्त्यावरील तपासणीनंतर आलेली आपली नोटीस.

महोदय,

१. मी कुंदाबाई पितांबर पाटील, राहणार धरणगाव. माझे पती रिक्षातून लहान मुलांना शाळेत पोहोचवतात. मी मुलांसोबत मागे बसते. गेल्या वर्षी आमच्यापुढच्या रिक्षाला म्हैस आडवी आली. ब्रेक लागताच चालकाशेजारच्या फळीवर बसवलेला बालवाडीतला कौतिक रस्त्यावर पडला. त्याला मीच उचलले. गळ्याजवळचे हाड मोडले होते. आता तो आमच्या रिक्षात येतो.

२. त्यानंतर मी खाटेच्या नवारीचे पट्टे शिवून त्यांना दप्तराचे बक्कल लावले. पतींनी ते सीटच्या लोखंडी नळीला पक्के केले. ज्यांचे पाय खाली टेकत नाहीत त्यांना खांद्यावरून व कमरेवरून पट्टा. पाय टेकू लागले की नुसता कमरेचा. चालकाशेजारी कोणीही नाही. मुले कमी बसतात, ते आम्ही सोसतो.

३. मागच्या आठवड्यात आपल्या निरीक्षकांनी आमची रिक्षा अडवली. "वासरं बांधलीत का ही?" असे म्हणून त्यांनी मुलांदेखत पट्टे ब्लेडने कापले. मागून आलेल्या रिक्षात चालकाच्या दोन्ही बाजूंना पोरे लटकत होती. ती रिक्षा मात्र हात दाखवून सोडली. कौतिक पुन्हा रिक्षात बसेना. मी त्याला शाळेपर्यंत चालत नेले.

४. नोटिशीत 'विनापरवानगी फेरफार' असे लिहिले आहे. परवानगी मागायला मी आपल्या खिडकीवर आले होते. तेथे सांगितले की, पोरांच्या पट्ट्यांचा नियमच नाही. नियम नसेल तर मी मोडला कोणता, ते लेखी कळवावे. अपघातात मुले अडकतील असेही लिहिले आहे. प्रत्येक मूल आपले बक्कल आपण सोडते. आपण समक्ष येऊन पाहावे.

५. कौतिकची आई मंदाबाई यांना नोटीस वाचून दाखवली. त्या एवढेच म्हणाल्या, "पोऱ्या मन्हा शे. तू बांध." पोरगा त्यांचा आहे, म्हणून मी हीच परवानगी धरली आहे.

सबब, पट्टे पुन्हा शिवले आहेत. सोमवारी रिक्षा पट्ट्यांसह निघेल. परवाना रद्द करणे आपल्या हाती आहे, करावा. मुलांना मी पायी नेईन. परंतु रिक्षात बसतील तोवर ती बांधूनच बसतील.

हुकूम नाकारणारी, तरी आपली नम्र,
कुंदाबाई पितांबर पाटील
धरणगाव, दि. ८ जुलै १९९३