कुमुदताईंचं नाक

शारजा, १२-११-१९९९

ती. बापूंना शर्वाणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचा खोकला कमी झाल्याचं वाचून बरं वाटलं. बिड्या मात्र लपूनछपून ओढू नका, शेजारच्या काकू मला सगळं कळवतात. तुमच्या नातीचं, पर्णिकाचं नवीनच खूळ: वर्गातल्या मुली नाकावरून चिडवतात, म्हणून बाजूने फोटो काढू देत नाही.

काल तिच्याबरोबर इथल्या म्युझियममध्ये गेले होते. इटलीतल्या सरदार घराण्यांतल्या बायकांची पाचशे वर्षांपूर्वीची मेडलं आली आहेत. ब्राँझची, तळहाताएवढी. बाजूने चेहरा आणि कडेने नाव. बापू, मी थक्क झाले. एकीची हनुवटी दुहेरी, एकीच्या केसांची बट सुटलेली. घडवणाऱ्याने कुणाचंच काही झाकलेलं नाही. रस्त्यात समोर आली तर मी ओळखीन.

हात आपसूक गळ्याकडे गेला. लग्नात तुम्ही तुमच्या गेलेल्या लेकीचा, कुमुदताईंचा टाक माझ्या गळ्यात बांधलात आणि म्हणालात, सवतीचा मान ठेव, आजपासून तूच माझी लेक. तो कधी उतरवला नाही. पण त्यावर दोन ठिपक्यांचे डोळे आणि नाकाची एक रेघ. सोनाराकडे सगळ्यांना तोच ठसा. पर्णिकाने काचेपुढे उभं राहून इंग्लिशमध्ये विचारलं, माझ्याच आईला चेहरा का नाही. ताई-श्रीनाथांच्या लग्नाच्या एकुलत्या फोटोत मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. श्रीनाथना विचारलं की ते उठून बाल्कनीत जातात.

इथल्या सोनारबाजारातला, गोल्ड सूकमधला मुनीर तसं मेडल घडवून देईन म्हणतो, इन्शाल्ला. ताई बाजूने कशा दिसायच्या, तेवढं कळवा.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
शर्वाणी


सासवड, २-१२-१९९९

चि. सौ. शर्वाणीस अनेक आशीर्वाद.

काकूंना म्हणावं, आधी स्वतःचं घर बघा.

तुझं पत्र वाचून डोळे मिटून बसलो. कुमुदचा आवाज आला, चेहरा काही येईना. बापाला लेकीचा चेहरा आठवू नये, फार वाईट वाटलं. मग दाढी करताना आरशात मान वळवली आणि सापडली. माझंच नाक, मधे उंचवट्याचं. तिची नथ कधी सरळ बसली नाही. हसली की नाकावर हात धरायची.

अगं, पण मला कशाला विचारतेस? पर्णिका जेवायला बसली की बाजूने बघ. खालचा ओठ तेवढा कुमुदचा जरा पुढे. उंचवटा घासू नकोस म्हणावं मुनीरला.

माया आहेच, ती वाढती ठेव.
बापू


शारजा, २१-१-२०००

ती. बापूंना शि. सा. नमस्कार.

मेडल झालं. उंचवट्यासकट, कडेने ‘कुमुद’. श्रीनाथनी हातात घेतलं, आणि या वेळी बाल्कनीत गेले नाहीत, तिथेच बसून रडले. पर्णिका ते आरशाशी धरून मान वळवून उभी राहिली. एक बोट आईच्या नाकावरून फिरवायची, मग स्वतःच्या. मी दारातच थबकले. आत पाऊल टाकायचा धीर होईना, देवळाच्या गाभाऱ्यापाशी होतं तसं.

मागची बाजू कोरी होती. तिथे तुझं नाव घाल, म्हणाली. मी म्हटलं, जित्या माणसाचा टाक करत नाहीत. तर मलाच सुनावलं, की हा टाक नाही, मेडल आहे. यल्ला, चल मुनीरकडे. आता गळ्यात घातलं की ताई बाहेर बघतात आणि माझं नाव आत छातीला टेकतं.

सोबत पर्णिकाचा फोटो आहे. बाजूने काढलाय. आजोबांना पाठव, असं तिनेच सांगितलं.

तब्येतीला जपा. लोभ आहे, तो आता तिघींवर असावा.
तुमची लेक,
शर्वाणी