खुटबावचा आकडा

खुटबाव, ता. दौंड
बुधवार, १९ नोव्हेंबर

चि. धनश्री,

मावशीचे आशीर्वाद. आमचं हितं बरं चाललंय. तुझं पुण्यात बरं असंल असं धरून चालते, कारण तू फोन करायचं सोडलंस, आन् मी कुठल्या तोंडानं करू?

कांद्याचं रोप यंदा दुसऱ्यांदा टाकलं. गाईला कालवड झाली. माझ्या सत्यजीतला कोरेगाव भीमाच्या कंपनीत परमनंट केलं, त्यामुळं सूनबाई समृद्धी जरा निवांत हाय. तुझी आई मागच्या महिन्यात येऊन गेली. मी तिला आमटी वाढत होते तवा म्हणाली, "धना आता वादळाचं नावच काढत न्हाई गं. त्या विमा कंपनीत जाते, घरी येते, गप बसते." माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

पत्र बघून तुला नवल वाटंल. फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. पण फोनवर मी तुझ्याशी एकदा खोटं बोललेय. म्हणून हे कागदावर लिहिते. चार दिवस झाले, लिहिते आन् फाडते.

तू अंगणात पावसाचं माप बसवलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी म्हणाले होते, "एवढा उपग्रह वरनं बघतोय, तर माझ्या अंगणातली ही नळी कशाला?" तू मातीत बसूनच समजावलंस. "मावशी, समुद्रात कोण माप लावणार? तिथं वादळाच्या पोटात पाऊस कुठं आन् किती पडतोय, ते ढगाच्या आत बघून उपग्रहच सांगतो. वाफेचं पाणी होताना ऊब सुटते. वादळाच्या डोळ्याभोवती लई पाऊस पडायला लागला, म्हंजे त्याला ऊब मिळाली, ते जोर धरणार. हे आधी कळलं तर माणसं आधी हलवता येतात."

"मग जमिनीवर?"

"जमिनीवर आलं, घाट चढलं, की वरच्या आकड्याचा भरवसा राहत न्हाई. मी नवी पद्धत बसवतेय. ती खरी का खोटी, हे खाली मोजणारं माणूस सांगणार. म्हंजे तू."

मला केवढं भारी वाटलं होतं! सत्तावीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिली, एक आकडा कधी इकडचा तिकडं केला न्हाई. म्हणून तू मला निवडलंस. रोज सकाळी साडेआठला नळी बघायची, वहीत लिहायचं, तुला फोनवर पाठवायचं. समृद्धी तवा नवी लग्न होऊन आली होती, बारावी शिकलेली. ती म्हणायची, "आत्या, एखाद्या दिवशी मी बघू का?" मी तिला हात लावू दिला न्हाई.

मग तीन वर्षांमागं ते वादळ आलं. समुद्रात होतं तवापासून तुझे फोन. "मावशी, हे घाटावर येणार. हे दोन दिवस कुठं जाऊ नकोस. या दोन दिवसांसाठीच तर सगळं केलंय." मी म्हणाले, कुठं जातेय मी.

आन् मी शिरूरला गेले, धना. नणंदेच्या लेकीचा साखरपुडा होता. न्हाई गेले असते तर काय बिघडलं असतं? पण नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्याशिवाय न्हाई करायचं," आन् मला ते गोड लागलं. समृद्धीला सांगितलं, उद्या साडेआठला नळी बघ आन् मला फोन कर. तुला काही बोलले न्हाई.

शिरूरला नुसती भुरभुर होती. मांडवात पाटसुद्धा भिजले न्हाईत. सकाळी समृद्धीचा फोन आला.

"आत्या, एकशे अठरा."

"काय एकशे अठरा?"

"मिलिमीटर. आतली नळी भरून बाहेरच्या डब्यात उतू गेलंय, आत्या. मी परत परत ओतून—"

"बरं बरं, कळलं," म्हणून मी फोन ठेवला. मला वाटलं, मोबाईल बघत बसली असंल, हिला टिंब कुठं द्यायचं तेच कळलं न्हाई. अकरा पॉइंट आठचं एकशे अठरा करून बसली. आन् मी तुला अकरा पॉइंट आठ पाठवलं, घरातनं पाठवल्यासारखं.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं न्हाई.

दुपारी एसटीतनं उतरले, तर ओढ्याचं पाणी रस्त्यावर. बांध फुटलेला. रोपाच्या वाफ्याच्या जागी नुसती वाळू. समृद्धी घरातलं पाणी बादलीनं बाहेर काढत होती, साडीचा ओचा खोचून. तिनं माझ्याकडं बघितलं. मला तिथंच सगळं कळलं. तिचं एकशे अठराच खरं होतं. तुला लगेच फोन करायचा होता. उद्या करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी उद्या.

चौथ्या दिवशी तूच केलास.

"मावशी, तिकडं कासुर्डी गावात बसवलेलं माप फांदी पडून फुटलं. आपल्या पट्ट्यात तुझा एकटीचा आकडा उरलाय. माझ्या पद्धतीनं खुटबावला शंभराच्या वर पाऊस दिसतोय, जुन्या पद्धतीनं पंधरा. सर म्हणतात, खालचं माणूस सांगंल ते खरं. अकरा पॉइंट आठच ना?"

"व्हय."

"तू घरीच होतीस? स्वतः मोजलंस?"

"व्हय. माझ्या हातानं."

समृद्धी माझ्या मागं भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला. जरा वेळानं परत सुरू झाला.

का बोलले असं, हे मी स्वतःला लई वेळा विचारलं. खरं सांगायचं तर आधी शिरूरला गेले होते हे सांगावं लागलं असतं. मग सुनेनं नीट मोजलं आन् मी ते खोडलं, हेबी सांगावं लागलं असतं. तुझ्या नजरेत मी चोख मोजणारी मावशी होते. तेवढं वाचवायला मी तुझं सगळं काम बुडवलं.

तू ती पद्धत मागं घेतलीस. निबंध छापायला दिला होतास तो परत आणलास. संक्रांतीला आलीस तवा वाळली होतीस. म्हणालीस, "मावशी, मीच चुकले गं. मला वरचं यंत्र तुझ्यापेक्षा शहाणं वाटलं." आन् वाकून माझ्या पाया पडलीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणाले. तवा तरी बोलायला पायजे होतं. तोंडात आलेलं गिळलं, आन् तुला तिळगूळ दिला.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. गेल्या महिन्यात परत एक वादळ घाट चढून आलं. मोबाईलवर आपल्या बाजूला तुरळक पाऊस सांगितला होता. समृद्धीचे वडील, आमचे मल्हारराव व्याही, त्यांनी त्या भरवशावर ओढ्याकाठच्या वावरात मेंढरं बसवली. रात्रंदिवस पाऊस लागला. चौदा मेंढरं गारठून मेली. तुझी पद्धत टिकली असती तर आधी कळलं असतं का, मला ठाऊक न्हाई. तुला असंल. जे असंल ते मला सांग, माझ्यावर दया करू नकोस.

समृद्धी माहेराहून आली, पाणी प्याली आन् माझ्यासमोर बसली. "आत्या, माझ्या बापाचं गेलं त्याचं मी तुमच्यावर घालत न्हाई. पण धनश्रीताईंना एकदा खरं सांगा. तीन वर्षं झाली, भाकरी थापायला बसले की मला तेच ऐकू येतं. माझ्या हातानं, माझ्या हातानं."

मी विचारलं, "मग तू का न्हाई सांगितलंस?"

"तुमचं नाव गेलं असतं. आन् मी नवी होते. माझं कुणी खरं धरलं असतं?"

तिच्यासमोर मी रडले न्हाई. रडले असते तर तिलाच मला गप करावं लागलं असतं. नुसतं म्हणाले, "तू बरोबर मोजलं होतंस. मी तुझं खोडलं." एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली. तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, ट्रंक उघडली आन् कॅलेंडरचं जुनं पान काढून माझ्या हातात दिलं. त्या दिवशीच्या चौकोनात तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: २५, २५, २५, २५, १८. नळी चारदा काठोकाठ भरली आन् पाचव्यांदा अठरावर थांबली. ते पान यासोबत पाठवते. जपून ठेव, तिच्याकडं दुसरं न्हाई.

हे पत्र तुझ्या सरांना दाखव. माझं नाव झाकू नकोस. "मोजणाऱ्याकडून चूक झाली" असं कुठं लिहू नकोस, मला माहीत होतं आन् तरी बोलले. खुटबावची कस्तुराबाई खोटं बोलली, असं सरळ लिही. आन् कुणी मोजलं विचारलं, तर समृद्धीचं पूर्ण नाव घाल.

पावसाची वही मी अजून भरत होते, ती परवा तिच्या ताब्यात दिली. साडेआठ वाजले की मी घरात थांबते.

माफ कर म्हणायचा मला हक्क न्हाई. तुझी तीन वर्षं मी कुठनं आणून देणार? पण तू ते काम परत हातात घे. माझ्यासाठी न्हाई. तू मातीत बसून सांगत होतीस तवा तुझं तोंड जसं दिसत होतं, तसं तुझ्या आईला परत दिसू दे.

कधी यावंसं वाटलं तर समृद्धीला भेटायला ये. मी आतल्या खोलीत बसेन. तू हाक मारलीस तरच बाहेर येईन.

खऱ्या लेकीला खोटं पाडणारी,
तुझी मावशी
कस्तुरा