डाव्या कानाशी बोललेलं

प्रिय मास्तर,

तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, कागदावरही नको. तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. लिहितेय आज, कारण बहिणीची रेबेका येऊन गेली. मुंबईच्या इस्पितळात ती गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. मी विचारलं, काकांच्या मानेला ती गाठ कशानं आली गं?

म्हणाली, "मावशी, मानेत ती मागाहून आली. मूळ नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर होतं. तिथं नजर पोचत नाही."

आणि आपण गंडमाळ समजून क्षयाची इंजेक्शनं घेत बसलो! नाकातून रक्त आलं की मी उन्हाळ्याला बोल लावून तुम्हाला कांदा हुंगवायची. रेबेका म्हणते, डॉक्टरही फसतात. कॅन्सरच्या पेशींभोवती शरीराच्याच राखणदार पेशींची एवढी गर्दी असते, की चोर कोण ते चटकन कळत नाही.

मग तिनं विचारलं, "तिथून कानाकडे बारीक नळी जाते. ती दाबली गेली की तो कान बंद होतो. काकांना नीट ऐकू यायचं?"

मला एकदम आठवलं. गव्हाण गावची मासळीवाली तेव्हा सांगत होती, "मास्तरीणबाय, मास्तरांना डाव्या कानानी ऐकू येत नाय." मी हसून म्हटलं होतं, त्यांना सोयीनं ऐकू येतं. तुम्ही तरी का नाही सांगितलंत?

आपल्यातल्या इतर ज्यू कुटुंबांसारखे भाऊजी कायमचे इस्रायलला निघाले तेव्हा तुम्हालाही जायचं होतं. मीच अडवलं. मला इथं पुरा आणि मग जा, असं बोलले. पुढे माझं मलाच खाऊ लागलं. एका दुपारी तुम्ही उजव्या कुशीवर पडला होतात. जागे होतात, हातातला पंखा हलत होता. मी मागे बसून हळूच म्हटलं, "चुकलं माझं. म्हणाल तेव्हा निघू."

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, राग गेला नाही. मीही हट्टी, पुन्हा विषय काढला नाही. महिन्याभरात गाठ दिसली आणि जाणं राहिलंच.

उजवा कान उशीत होता हो तुमचा! ऐकलंच नाहीत, की ऐकून गप्प राहिलात? हे रेबेकाच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही. या घरात आता विचारायला कुणी नाही. फार एकटं वाटतं.

रविवारी कबरीपाशी येईन. उजव्या अंगाला बसेन आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणेन. लोक बघेनात का.

तुमची,
मिर्याम