दार आतून उघडतं का

२१ सप्टेंबर, रविवार

दार आतून उघडेचना! जेमतेम मिनिटभर अडकले असेन. संभाजीनगरच्या त्या कारखान्यात प्रेमानंद बाहेर मालकाशी एसीबद्दल बोलत उभा, आणि मी आतून काच बडवतेय. मालक म्हणे, "मॅडम, हँडल नवीन आहे, वापरून सैल होईल."

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली — त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. पलंग, ओटा, आणि मागच्या टोकाला संडास. त्या संडासासाठीच हा सगळा खटाटोप. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना समुद्रावर न्यायचं, असं प्रेमानंदने मनात घेतलंय. लेकीने, मायाने, पडद्यांचा रंगही ठरवला. आणि ओढायची कोणी? मी! प्रेमानंदला फिट आली तेव्हापासून डॉक्टरांनी त्याचं स्टिअरिंग बंद केलंय. नवरा, मुलगी, सासूसासरे — सगळ्यांचे जीव माझ्या हातात. याबद्दल कोणी बोलतच नाही.

ही नको, असं सांगून टाकलं.

२२ सप्टेंबर

प्रेमानंद फुगलाय. "दार काय, बदलून मिळते." समृद्धी महामार्गावर ती बस जळाली, आतली माणसं बाहेर पडू शकली नाहीत, तेव्हापासून बंद गाडीत शिरले की मी आधी दार बघते. त्याला हे माहीत आहे. तरी फुगलाय.

२८ सप्टेंबर, रविवार

जालन्याची बघितली. दार ठीक, पण खिडक्या अशा की त्यातून मांजरही जाणार नाही. मी हात घालून बघत होते तर माया म्हणाली, "मम्मी, तू घर पाहून राह्यली का जेल?" सगळे हसले. मीही हसले. परतताना समोरून ट्रक आला की पाय आपोआप ब्रेकवर जात होता, मागे काही जोडलेलं नसताना.

२ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन

आई, म्हणजे सासूबाई, आजही विहारात आल्या नाहीत. पांढरं पातळ नेसल्या, केस विंचरले, चपलेत पाय घातला — आणि परत खाटेवर बसल्या. "तुम्ही या जाऊन. मी हाय घरी."

लघवी धरवत नाही त्यांना. दोन वर्षांपूर्वी डोणगावला रुखमाबाई मावशींकडे, आपल्या बहिणीकडे, गेल्या होत्या. येताना एसटीत पातळ ओलं झालं. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली म्हणे. तेव्हापासून उंबरा ओलांडला नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आता पाणीच पीत नाहीत. गोळी घ्यायलासुद्धा एक घोट. मावशींचे गुडघे गेलेले, त्या इकडे येऊ शकत नाहीत. दोघी फोनवर बोलतात, मग आई बराच वेळ फोन मांडीवर ठेवून बसून राहतात.

विहारात माझं लक्ष लागलं नाही. माझ्या भीतीपायी ही बाई घरातच मरणार का? आणि नेलं, आणि माझ्याच हातून घाटात काही झालं तर?

५ ऑक्टोबर, रविवार

घेतली!

मलकापूरचे रमाकांत कुळकर्णी, रेल्वेतून निवृत्त. हौसेने घेतली होती, बायको एकदा बसली आणि पुन्हा नाही म्हणाली. लहानशी, बुटकी, दुधावरच्या सायीच्या रंगाची. मी आत गेले, प्रेमानंदला बाहेरून कडी लावायला सांगितली. आतून दांडा ओढला — दार उघडलं. पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा उघडलं. रमाकांत माझ्याकडे बघत राहिले. मागची खिडकी अख्खी बाहेर ढकलली जाते, मायाला त्यातून उतरायला लावलं. संडासात धरायला दांडी आहे. वास नाही.

सगळ्यांना पसंत. माझंही काही अडलं नाही, आणि तेच वाईट झालं. आता नाही म्हणायला कारण उरलं नाही.

त्यांनी एकच नियम सांगितला: चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नाही. कायद्यानेही नाही. मी मायाकडून तीनदा म्हणवून घेतलं.

त्यांच्याच ड्रायव्हरने चिखलीला आमच्या घरी आणून सोडली. मी मागून आमच्या बोलेरोत, पूर्ण रस्ता तिच्याकडे बघत.

८ ऑक्टोबर

अंगणात उभी आहे. शेजारची गोजरबाई विचारून गेली, रसवंती टाकता का?

आईंना मात्र ती आवडली. घराचा संडास मागे, पायऱ्या उतरून. हा दोन पावलांवर, बसायला उंच. पहाटेच उठून जातात, नंतर तिथेच पलंगावर पडतात. "थंड लागते वं आत." परवा उजाडल्यावर मी हाका मारत होते तर बाई आत घोरत होत्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या ओढून बघायची. सासऱ्यांनी, बाबांनी, सामान भरलं. बाबांचा जन्म बैलगाडीवर गेला. आम्ही कोणी हात लावलेला त्यांना चालेना. पाण्याचे कॅन, पीठ, सिलिंडर, भांड्यांची पेटी, सगळं मागच्या टोकाला. पुढचा भाग रिकामा.

"बाबा, पुढे जागा आहे की."

"पोरी, जूवर भार आला का बैलाची मान सोलते. गाडी मांगं जरा जडच पाह्यजे. तुह्या मोटारची ते मानच हाय."

मला पटलं. कोणालाही पटलं असतं! पुढून हलकी म्हणजे ओढायला हलकी. थोडा धीर आला.

१२ ऑक्टोबर, रविवार



मी आणि बाबा दोघेच. खामगाव रस्त्याला लागलो. रोज अमडापूरच्या शाळेत शिकवायला जायचा रस्ता, डोळे मिटून चालवीन असा. गावाबाहेर उतारावर ट्रक शेजारून गेला आणि मागून कोणीतरी धरून हलवल्यासारखं झालं. आरशात कॅरॅव्हॅन डावीकडे. मग उजवीकडे. मग आणखी डावीकडे! बोलेरोचं बूडच ती ओढायला लागली. स्टिअरिंग हातात असून माझं नव्हतं. समोरून मोटारसायकल, त्यावर बाई, बाईच्या मांडीवर पोर. मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला फक्त. ब्रेक दाबायचंही सुचलं नाही, म्हणून वाचलो.

थांबलो तेव्हा मागचं एक चाक कच्च्यात होतं. बाबा डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरून.  मी उतरून कडेला उलटी केली.

आई असत्या तर? माया असती तर?

१३ ऑक्टोबर

नाही नेणार. परत करा म्हणून सांगितलं.

१४ ऑक्टोबर

प्रेमानंदने रमाकांतना फोन लावला. पलीकडे गृहस्थ ओरडलेच, "मागे भरलं? अहो, वजन चाकाच्या जरा पुढे हवं. हुकावर दाब बसला पाहिजे, नाहीतर ती शेपटी हलवणारच!"

बाबांनी ऐकलं. ताट तसंच ठेवून उठले. संध्याकाळी अंगणात गेले आणि एकेक कॅन उचलून पुढे आणायला लागले. माया मदतीला गेली तर तिलाही बाजूला केलं. मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "बैल असता तं त्यानं सांगतलं असतं मले. मान झटकली असती. हे काहीच बोलत नाही."

म्हटलं, बाबा, चुकलं तर चुकलं.

"तू मेली असती, सुवर्णा."

त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर

आज आई म्हणाल्या, "माह्यासाठी कोणी जीव धोक्यात घालू नका. मले काय करायचा समुद्र? सहा डिसेंबरले चैत्यभूमीवर पाह्यला होता थोडासा. रांगेत उभी होती, त्याच्याकडं पाठ होती माही." आणि हसल्या. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

उद्या एकदा एकटीने नेऊन बघते. रिकामी नाही, भरलेली. पण माणूस कोणी नाही. कोणाला सांगणार नाही. घाबरताना मला कोणी बघायला नको.

१९ ऑक्टोबर, रविवार

सगळे उठायच्या आत निघाले. हूक बघितला, साखळी बघितली, टायर, दिवे. दार बघितलं — बंद होतं.

उतार आला. ट्रक आला. काही नाही! सरळ, माझ्या मागे मागे. अमडापूरला शाळेच्या फाटकाशी थांबले आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात प्रेमानंदचा फोन. "सुवर्णा, आई घरात नाही. कुठंच नाही."

 मला कळलं. कॅरॅव्हॅनकडे बघायचीही हिंमत होईना.

दार आतून उघडलं.

आई. केस विस्कटलेले, पलंगावरची चादर खांद्यावर. "थांबली काऊन वं? झोप चांगली लागली होती. पोटातलं पाणी हाललं नाही." मी त्यांना धरून रस्त्यातच रडले. त्या मात्र माझ्या खांद्यावरून इकडेतिकडे बघत होत्या. रस्ता, दुकानं, टपरीवरची माणसं.

"हे कोणतं गाव?"

"अमडापूर."

"मंग डोणगाव किती दूर राह्यलं?"

प्रेमानंदला फोनवर सांगितलं आणि त्यांना पुढे, माझ्या शेजारी बसवलं. वाटेत दोनदा थांबलो. संडास मागे होताच.

रोजनिशी गाडीतल्या शाळेच्या पिशवीत असते, म्हणून हे मावशींच्या ओट्यावर बसून लिहितेय.  आत दोघी बहिणींचं बोलणं चालू आहे. आईंनी आत्ताच तिसरा पेला पाणी मागितलं.